पडद्यावरच्या आवाजाचे नाव नोंदवा : माहिती व प्रसारण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलाकारांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू करणे आणि चित्रपट प्रमाणपत्राच्या अर्जात त्यांची नावे नोंदवणे सक्तीचे करणे

मा. महोदय,

हिंदी आणि तेलुगू अशा दोन्ही चित्रसृष्टींत काम करणाऱ्या नटाची कारकीर्द आपल्याकडे ज्या पद्धतीने नोंदवली जाते, तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे : पडद्यावर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाचा आवाज बोलत असेल, तर त्याचे नाव तिथे येत नाही. ती भरून काढणे बव्हंशी आपल्या मंत्रालयाच्या हातात असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. तेलुगू चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांसाठी संवाद लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे ज्या डबिंग कलाकारांविषयी लिहितो आहे, त्यांचे काम मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेअलीकडे बसून रोज पाहतो.

सोनू सूद यांचे उदाहरण घेतो, कारण ते देशभर ठाऊक आहे. पंजाबातल्या मोगा गावचा हा मुलगा नागपूरच्या यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, 1999 मध्ये तमीळ चित्रपटातून पडद्यावर आला, 2002 मध्ये 'शहीद-ए-आझम'मध्ये भगतसिंग झाला आणि त्यानंतर बरीच वर्षे मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये ये-जा करत राहिला. हिंदीत 'युवा' आणि 'जोधा अकबर', तेलुगूत 'सुपर' आणि 'अतडु' असे चित्रपट होत गेले, तरी त्याच्या नावाचा खरा दबदबा निर्माण झाला तो 2009 च्या तेलुगू 'अरुंधती'मधल्या खलनायक पशुपतीमुळे. हा पशुपती ज्यांनी तेलुगूत पाहिला आहे, त्यांना त्याचा देह आठवतो तितकाच त्याचा आवाजही आठवतो, किंबहुना आवाज जरा जास्तच आठवतो. तो आवाज सोनू सूद यांचा नव्हता. तो पी. रविशंकर यांचा होता. त्या भूमिकेतल्या एका हाकेवरून तेलुगू प्रेक्षक रविशंकर यांना आजही 'बोम्माळी रविशंकर' म्हणतात. पुढच्याच वर्षी 'दबंग'मध्ये छेदी सिंग म्हणून सोनू सूद यांनी स्वतःच्या आवाजात हिंदी प्रेक्षकांना तितकेच खिळवले. म्हणजे एकाच नटाच्या, एकमेकींना लागून असलेल्या दोन गाजलेल्या भूमिका आहेत. एक पूर्णपणे त्याची आहे आणि दुसरी दोघांनी मिळून उभी केलेली आहे. कारकिर्दीच्या यादीत मात्र दोन्ही एकाच नावाखाली, एकाच पद्धतीने लिहिल्या जातात.

आंध्र प्रदेश सरकारने त्या वेळी ही गोष्ट ओळखली होती, हे आवर्जून सांगायला हवे. राज्याच्या नंदी पुरस्कारांत उत्कृष्ट खलनायकाचा पुरस्कार 'अरुंधती'साठी सोनू सूद यांना मिळाला आणि उत्कृष्ट पुरुष डबिंग कलाकाराचा पुरस्कार त्याच चित्रपटासाठी रविशंकर यांना मिळाला. भूमिका एक, तिचे मानकरी दोन, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचाही मान उणावला नाही. डबिंगसाठी पुरुष आणि स्त्री असे दोन स्वतंत्र नंदी पुरस्कार होते. राज्याच्या विभाजनानंतर त्या पुरस्कारांची घडी विस्कटली, हा भाग वेगळा. केरळ सरकारच्या राज्य चित्रपट पुरस्कारांतही डबिंग कलाकारांचा सन्मान अनेक वर्षांपासून होतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 पासून दिले जात आहेत आणि त्यांत वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, संकलन, साहसदृश्ये, नृत्यदिग्दर्शन अशा कितीतरी अंगांची दखल घेतली जाते, पण दुसऱ्याच्या ओठांवर स्वतःचा अभिनय बसवणाऱ्या कलाकाराला तिथे जागा नाही.

यावर नेहमी एक उत्तर ऐकायला मिळते, की डबिंग ही तांत्रिक बाब आहे, अभिनय नव्हे. हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा डबिंगच्या खोलीत येऊन बसावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. खोली लहान असते, भिंतींना आवाज शोषणारे अस्तर असते, समोर पडदा आणि मधोमध माइक असतो. कलाकार एकटा उभा असतो. समोरचे पात्र, ज्याच्याशी तो भांडतो आहे किंवा ज्याच्या मांडीवर प्राण सोडतो आहे, ते खोलीत नसते. त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी, दुसरा कोणी भरणार असतो. कानात मूळ भाषेतला संवाद चालू असतो, हातात नवा संवाद असतो आणि डोळे पडद्यावरच्या ओठांवर असतात. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात आणि मोठ्या पडद्यावर मिटलेले ओठ लपत नाहीत. पडद्यावरचे ओठ जिथे मिटतात, तिथे नव्या वाक्यातही ओठ मिटवणारे अक्षर आले पाहिजे. तेलुगू शब्द बहुतांशी स्वरांत संपतात, त्यामुळे तेलुगू बोलणाऱ्या नटाचे तोंड वाक्याच्या शेवटी किंचित उघडे राहते, तर हिंदी शब्द बऱ्याचदा व्यंजनावर थांबतो आणि तोंड आधीच मिटते. ही अर्ध्या क्षणाची पोकळी भरायला कधी मी शब्द बदलतो, कधी कलाकार शेवटचे अक्षर जरा लांबवतो, कधी एखादा निःश्वास सोडतो. एवढे सगळे सांभाळून त्याला रडायचे असते, दरडावायचे असते, लाजायचे असते.

धापा, उसासे, दाबलेला हुंदका, मार खाताना निघणारा आवाज, जेवता जेवता बोलणे हे सगळेही वेगळे भरावे लागते. हाणामारीच्या एका प्रसंगासाठी तासभर नुसते ओरडून गळा बसलेले कलाकार मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर पाणी पिऊन, थोडे थांबून, त्याच पात्राचा हळुवार प्रसंग करायला ते पुन्हा माइकसमोर उभे राहतात. हा अभिनय नसेल, तर आकाशवाणीवरच्या श्रुतिकांना आपण इतकी वर्षे अभिनय कशाच्या आधारावर म्हणत आलो?

ही गोष्ट आजची नाही. श्रीदेवी तमीळनाडूत जन्मल्या, तेलुगूत मोठ्या नायिका झाल्या आणि 1983 च्या 'हिम्मतवाला'ने त्यांना हिंदीत आणून बसवले. तो चित्रपटही एका तेलुगू चित्रपटाचीच हिंदी आवृत्ती होता आणि दोन्हींचे दिग्दर्शक के. राघवेंद्र राव हेच होते. त्या काळातल्या श्रीदेवींच्या अनेक हिंदी चित्रपटांत त्यांचे संवाद नाझ यांनी म्हटले आहेत, आणि 1986 च्या 'आखरी रास्ता'मध्ये त्यांना आवाज दिला तो साक्षात रेखा यांनी. पुढे 'चांदनी'त श्रीदेवी स्वतःच्या आवाजात बोलल्या आणि 'मॉम'मधल्या अभिनयासाठी 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कारकिर्दीचा हा प्रवास पूर्ण समजून घ्यायचा, तर नाझ यांचे नाव त्यात यायलाच हवे. नाझ म्हणजे 'बूट पॉलिश'मधली बेबी नाझ. लहान वयातल्या त्या कामाची 1955 च्या कान महोत्सवात खास दखल घेतली गेली होती. ज्या मुलीच्या अभिनयाची इतकी मोठी नोंद झाली, तिने मोठेपणी देशातल्या सर्वांत लोकप्रिय नायिकेचा आवाज होऊन जे काम केले, त्याची आपल्या कोणत्याही सरकारी दप्तरात नोंद नाही. मला हे अतिशय लागते. ही माहिती आज आपल्यापर्यंत आली आहे ती लोकांच्या बोलण्यातून आणि जुन्या लेखांतून; ती चित्रपटासोबत लिहून ठेवलेली असायला हवी होती.

आता वाहतूक उलट दिशेनेही तितकीच जोरात सुरू आहे. पूर्वी मुंबईचा नट हैदराबादला जाई आणि त्याला तेलुगू आवाज लागे. आज तेलुगू नायक उत्तरेच्या घराघरांत पोहोचतो तो हिंदी आवाजाच्या खांद्यावर. 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत प्रभास यांचा हिंदी आवाज शरद केळकर यांचा आहे. लहानपणी बोलताना अडखळणारा मुलगा, असे स्वतःविषयी जाहीरपणे सांगणाऱ्या या मराठी कलाकाराने त्या भूमिकेला हिंदीत जे वजन दिले, ते काढून घेतले तर हिंदी प्रेक्षकाच्या मनातला बाहुबली उरतो का, याचा विचार व्हावा. 2021 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीने चित्रपटगृहांत 100 कोटींहून अधिक कमाई केली. त्यातला अल्लू अर्जुन यांचा हिंदी आवाज श्रेयस तळपदे यांचा आहे. ज्या नटाला हिंदी प्रेक्षकांनी 2005 च्या 'इक्बाल'मध्ये पहिल्यांदा मनापासून जवळ केले, तेही ऐकू-बोलू न शकणाऱ्या, म्हणजे एकही शब्द न उच्चारणाऱ्या मुलाच्या भूमिकेत, त्याच नटाचा आवाज सोळा वर्षांनी गल्लोगल्ली मुलांच्या तोंडी बसला. 2023 मध्ये अल्लू अर्जुन यांना 'पुष्पा'साठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तो तेलुगूतल्या त्यांच्या स्वतःच्या कामासाठी होता आणि तो सर्वस्वी योग्यच होता. हिंदीतल्या पुष्पाला दाद द्यायची मात्र राष्ट्रीय पातळीवर कोणतीच सोय नव्हती आणि आजही नाही.

तळपदे आणि केळकर हे मुळात पडद्यावरचे प्रसिद्ध चेहरे आहेत, म्हणून त्यांची नावे वर्तमानपत्रांत तरी आली. ज्या कलाकारांना चेहरा नाही, ज्यांचा आवाज तुम्ही आम्ही दूरचित्रवाणीवरच्या डब केलेल्या चित्रपटांत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, त्यांची नावे सांगायला कोणी गेले नाही. चित्रपट सुरू होतो, मूळ तेलुगू आवृत्तीचीच श्रेयनामावली धावते, आणि पुष्कळदा डबिंग करणाऱ्या स्टुडिओचे नाव तेवढे येते. काही ओटीटी मंचांवर अलीकडे शेवटी आवाजांची यादी दाखवली जाते, तेव्हा आमच्या क्षेत्रातले लोक तो शेवट थांबवून त्याचा फोटो काढून ठेवतात. आपल्या कामाचा दुसरा लेखी पुरावा त्यांच्याकडे नसतो.

पुरावा हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण प्रश्न केवळ मानाचा नाही. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 मध्ये 2012 साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनुसार कलाकाराला आपल्या कलाप्रदर्शनाशी आपले नाव जोडले जाण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा नैतिक अधिकार मिळाला. तो कलम 38 ब मध्ये आहे. पण त्याच वेळी 'कलाकार' कोणाला म्हणावे याच्या व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेही दिले जात नाही, अशा व्यक्तीला कलाकार मानले जाणार नाही, मोडतोड रोखण्यापुरता काय तो अपवाद. नायकाचे सगळे संवाद बोलणाऱ्याचे काम किरकोळ आहे असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. तरीही श्रेयनामावलीत नाव असणे किंवा नसणे ही गोष्ट कायद्यानेच महत्त्वाची ठरवली असताना, ज्या व्यवसायात नाव न देण्याचाच रिवाज पडला आहे, तिथल्या कलाकाराची बाजू आपोआप लंगडी होते. यंत्राकडून एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून घेणे आता शक्य झाले आहे. अशा वेळी मूळ आवाज कोणाचा होता हे कुठेच लिहिलेले नसेल, तर तक्रार कोणी आणि कशाच्या जोरावर करायची?

नाव जाहीर केल्याने नटाची प्रतिमा डागाळेल, अशी भीती निर्मात्यांना वाटते. गाण्यांच्या बाबतीत ही भीती आपण केव्हाच ओलांडली आहे. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार 1967 च्या चित्रपटांसाठी पहिल्यांदा दिला गेला आणि तो 'उपकार'मधल्या गाण्यासाठी महेंद्र कपूर यांना मिळाला. पडद्यावर ते गाणे मनोज कुमार गातात. आवाज दुसऱ्याचा आहे हे सगळ्या देशाला ठाऊक होते, तरी मनोज कुमार यांच्यावरचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी पी. सुशीला यांच्या रूपाने पार्श्वगायिकेलाही हा सन्मान मिळाला. चार-पाच मिनिटांच्या गाण्याला आवाज देणाऱ्याचे नाव आपण अर्ध्या शतकाहून अधिक काळ अभिमानाने घेत असू, तर अडीच तास त्याच पात्राच्या वतीने बोलणाऱ्याचे नाव घेण्यात अडचण कसली?

उलट, नाव न सांगण्याच्या या रिवाजाचा फटका खुद्द नटांनाच बसतो, आणि याकडे फारसे कोणी पाहत नाही. दुसऱ्या भाषेत जाऊन ती भाषा मेहनतीने शिकणारे, आपले संवाद आपणच म्हणणारे नटही आपल्याकडे आहेत. प्रकाश राज यांनी कन्नड, तमीळ, तेलुगू आणि हिंदी या भाषांत आपल्याच आवाजात उभ्या केलेल्या भूमिका हे त्याचे ठळक उदाहरण. 2017 चा 'गाझी' तेलुगू आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी चित्रित झाला, म्हणजे के. के. मेनन, राणा दग्गुबाती, अतुल कुलकर्णी यांच्यासारख्या नटांना दोन्ही भाषांतल्या संवादांवर उभे राहून काम करायचे होते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वेळेकामथी गावचे सयाजी शिंदे 1999 च्या 'शूल'मध्ये बच्चू यादव म्हणून गाजले आणि पुढे 'टागोर', 'अतडु', 'पोकिरी', 'अरुंधती' असे एकामागून एक चित्रपट करत तेलुगू प्रेक्षकांच्या घरातले झाले. अशा कारकिर्दीचा अभ्यास उद्या कोणी करायला घेतला, तर कोणत्या चित्रपटात नटाचा स्वतःचा आवाज आहे आणि कोणत्या चित्रपटात दुसऱ्याचा, हे त्याला कुठून कळावे? जो नट वर्षभर शिकवणी लावून परकी भाषा तोंडात बसवतो आणि जो संवादाऐवजी आकडे मोजून ओठ हलवतो, ते दोघे नोंदीत सारखेच दिसतात. माझ्या मते शिकणाऱ्यावरचा हा अन्याय आवाज देणाऱ्यावरच्या अन्यायाइतकाच मोठा आहे. ओठ हलवणाऱ्यालाही मी दोष देत नाही. हैदराबादला दहा दिवसांच्या तारखा देऊन लगेच मुंबईतल्या सेटवर परतणाऱ्या नटाला भाषा शिकायला वेळ कुठून मिळणार? सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून ओळ सांगतो, नट ती झेलतो आणि डोळ्यांत योग्य तो भाव आणून परत करतो. हेही एक अवघड कसबच आहे.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलाकारासाठी पुरुष आणि स्त्री असे दोन पुरस्कार सुरू करावेत. मूळ चित्रपटात दुसऱ्या नटाला दिलेला आवाज आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणलेल्या आवृत्तीतला आवाज, या दोहोंचा विचार त्यांत व्हावा. डब केलेली आवृत्ती स्पर्धेत घ्यायची की नाही याबद्दल आक्षेप येतील, हे मी जाणतो. आवृत्तीला चित्रपट म्हणून स्पर्धेत घेऊ नये, पण त्यातल्या आवाजाच्या कामाला घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याचबरोबर, अभिनयाच्या पुरस्कारासाठी पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या प्रवेशिकेत प्रमुख भूमिकांचे आवाज कोणाचे आहेत हे निर्मात्याने स्वाक्षरीनिशी लिहून द्यावे आणि ते परीक्षकांपुढे ठेवले जावे. आपण काय तोलतो आहोत हे परीक्षकांना नेमके माहीत असणे हा त्यांचाही हक्क आहे.

याहून सोपी आणि माझ्या दृष्टीने अधिक उपयोगाची मागणी प्रमाणपत्राविषयीची आहे. डब केलेल्या प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावेच लागते. म्हणजे देशात चित्रपटगृहात लागणारी प्रत्येक हिंदी आवृत्ती आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या एका टेबलावरून जातेच. त्या अर्जात एक रकाना वाढवावा : पात्र, पडद्यावरील कलाकार, आवाज. तीच यादी त्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत, त्याच भाषेत आणि वाचता येईल इतका वेळ दाखवणे बंधनकारक करावे, आणि ती मंडळाच्या संकेतस्थळावर कायम उपलब्ध ठेवावी. प्रमाणनाचे नियम 2024 मध्ये नव्याने करण्यात आले आहेत. त्यांत एवढी भर घालायला नवा कायदा लागणार नाही असे मला वाटते, आणि सरकारच्या तिजोरीवर तर काहीच भार पडणार नाही.

जुन्या चित्रपटांचे काम थोडे निराळे आहे आणि त्याची घाई आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रसृष्टीतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे मोलाचे काम पूर्वी केले आहे. ते संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. त्याच धर्तीवर मुंबई, हैदराबाद आणि चेन्नई इथल्या ज्येष्ठ डबिंग कलाकारांना बोलावून, त्यांनी कोणाला कोणत्या चित्रपटात आवाज दिला, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यावे. काही घराण्यांत हे काम दोन-दोन पिढ्या चालले आहे : रविशंकर यांचे वडील पी. जे. शर्मा नट होते आणि डबिंगही करत, आणि थोरले बंधू साईकुमार यांनी राजशेखर आणि सुमन यांच्यासारख्या नायकांना दिलेला आवाज तेलुगू प्रेक्षकांच्या कानात आजही आहे. पहिल्या पिढीतले बरेच जण आता हयात नाहीत. जे आहेत, त्यांच्याकडे कागद नाहीत, करारपत्रे नाहीत, फक्त आठवण आहे.

या विषयावर मंत्रालयाने बैठक बोलावल्यास तिला निर्माते आणि नट यांच्याइतक्याच संख्येने डबिंग कलाकार, डबिंगचे संवादलेखक आणि ध्वनिमुद्रकही बोलावले जावेत. येत्या पुरस्कारांच्या प्रवेशिका मागवण्यापूर्वी नियमावलीत बदल करायचा, तर ती बैठक लवकर व्हायला हवी. रकान्याचा मसुदा आणि श्रेयनामावलीचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. मागितल्यास तो त्वरित सादर करीन.

आपला विश्वासू,
डबिंगसाठी हिंदी संवाद लिहिणारा एक लेखक